कॅनडा: कॉमन-लॉ म्हणून स्पॉन्सर करायचंय, एकत्र राहण्याचे पुरावे काय जोडलेत?

सई_किचनर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी ओंटारियोत किचनरला असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पीआर (कायमचा रहिवास) झालं. जोडीदार मल्याळी आहे, पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर. त्याचं परमिट जानेवारी २०२६ ला संपतंय. मार्च २०२४ पासून आम्ही एकत्र राहतो. त्याला कॉमन-लॉ, म्हणजे लग्नाशिवायचा जोडीदार, म्हणून स्पॉन्सर करून पीआर मिळवून द्यायचंय. लग्न इतक्यात नाही. का नाही, ती चर्चा इथे नको, प्लीज.

अडचण कागदांची आहे. घर म्हणजे एका काकूंचं बेसमेंट. लीज माझ्या एकटीच्या नावावर, कारण मी आधीपासून राहत होते. भाडं रोख देतो. काकूंना विचारलं, याचं नाव घालाल का, तर त्या म्हणाल्या, ‘तुम्ही खुशाल राहा, पण कागदावर मला काही नको.’ वीज, पाणी, गॅस सगळं भाड्यातच. इंटरनेट माझ्या नावावर. जॉइंट अकाउंट आत्ता दोन महिन्यांपूर्वी काढलं. फोटो भरपूर आहेत.

अशा केसमध्ये एक वर्ष एकत्र राहिलो हे दाखवायचं कशाने? कुणी केलंय का?

आप्पा_मिसिसागा

चर्चा नको म्हणालीस तरी एकदा बोलतोच. सिटी हॉलमधून मॅरेज लायसन्स घ्या, नव्वद दिवस चालतं. दोन साक्षीदार आणा, अर्ध्या तासात काम फत्ते. मग ना लीजची भानगड ना काकूंची मनधरणी. घरच्यांसमोर मांडव नंतर घाला.

हॅलिफॅक्सचा_गोट्या

आप्पा, तिने पहिल्याच परिच्छेदात हात जोडलेत हो!

वाचतोय. मलाही पुढेमागे लागणार आहे.

मिनू_घाटावरची

आप्पांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लग्न केलं तर एक वर्षाची अट जाते, हे खरं. पण लग्नाचा दाखला जोडला म्हणजे फाइल पास असं कुणी समजू नये. नातं खरं आहे का, की केवळ इमिग्रेशनसाठी जुळवलंय, ही तपासणी दोन्हीकडे सारखीच असते. सांगलीत हजार पान उठलेल्या लग्नाची फाइलही अडकलेली पाहिली आहे.

सई, तुझ्या प्रश्नाकडे येते. आम्ही याच वाटेने गेलो, म्हणून सविस्तर लिहिते.

इमिग्रेशनच्या नियमांत कॉमन-लॉ म्हणजे नवराबायकोसारख्या नात्यात किमान एक वर्ष सलग एका घरात राहणं. ओंटारियोत पोटगीसाठी तीन वर्षं लागतात, ब्रिटिश कोलंबियात मालमत्तेच्या वाटणीसाठी दोन. ते प्रांतांचे कायदे आहेत, आपल्या फाइलशी त्यांचा संबंध नाही. आणि याची कुठे नोंदणी नसते. मार्च २०२५ मध्ये बारा महिने भरले त्या दिवशी तुम्ही कॉमन-लॉ झालात, तुम्ही ठरवलंत म्हणून नव्हे. मधे कुणी चार-पाच आठवडे भारतात जाऊन आलं तर सलगपणा तुटत नाही. तिकिटं आणि येण्याजाण्याचे शिक्के जोडून कारण लिहायचं.

आयएमएम ५४०९ नावाचं प्रतिज्ञापत्र दोघांनी नोटरी किंवा कमिशनर ऑफ ओथ्ससमोर सही करून द्यायचं असतं. ते लागतंच. पण ते तुमचंच म्हणणं आहे, फक्त शपथेवर. पुरावा तुमच्या बाहेरून यायला हवा. तसंच ते जॉइंट अकाउंट. अर्जाच्या तोंडावर काढलेलं खातं वाईट नाही, पण मार्च २०२४ बद्दल ते काहीच सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये, इमिग्रेशनचा विचारही डोक्यात नसताना, तिसऱ्याच कुणीतरी तुमच्या दोघांच्या नावाने एका पत्त्यावर काय छापलं होतं, ते शोध. माझ्या मते सगळी फाइल एवढ्यावर उभी असते.

म्हणजे कुठे बघायचं? तुझ्याकडे गाडी आहे का? ओंटारियोत घरात राहणारा लायसन्सधारक माणूस कार इन्शुरन्सला कळवावा लागतो. त्याचं नाव पॉलिसीवर कधी चढलं? त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता कधी बदलला? तिथे पत्ता बदलल्यावर सहा दिवसांत कळवायचा नियम आहे, त्यामुळे ती तारीख बहुधा राहायला आल्याच्या जवळचीच निघते. त्याची कंपनी टी४ (पगाराची वार्षिक टॅक्स स्लिप) कुठल्या पत्त्यावर पाठवते? बँक स्टेटमेंटवर पत्ता कधी बदलला? कॉस्टकोचं घरातल्या दुसऱ्या माणसासाठीचं कार्ड घेतलं असेल तर तेही एकाच पत्त्यावरच मिळतं. हसू नका, आमच्या फाइलमध्ये ते होतं.

भाडं रोख देता, पण तो तुला त्याचा वाटा कसा देतो? ई-ट्रान्सफर असेल तर सोनं आहे. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम, खाली ‘रेंट’ किंवा ‘किराणा’ असा मेसेज. बँकेकडून सगळी स्टेटमेंट्स काढा आणि त्या ओळी अधोरेखित करा.

काकूंचं म्हणशील, तर ओंटारियोच्या भाडेकरू कायद्याप्रमाणे मागितली तर भाड्याची पावती फुकट द्यावीच लागते, रोख भाड्याचीसुद्धा. मागच्या महिन्यांच्या पावत्या माग. त्याचं नाव लीजवर घालायला त्या तयार नसतील तर भांडू नकोस. लीज एकाच्या नावावर असलेली कितीतरी जोडपी पास झाली आहेत.

आणि त्याची जुनी खोली कुठे होती? तिथलं लीज संपल्याचा कागद असेल तर पहिल्या पानावर लाव. तो तुझ्याकडे आला हे सांगणारे कागद सगळेच जोडतात. तिकडचं घर सोडलं हे दाखवायचं मात्र फार जणांना सुचत नाही.

सई_किचनर

मिनूताई, साष्टांग नमस्कार!

तो गेल्फला दोन मुलांबरोबर राहायचा. तिथलं लीज २९ फेब्रुवारी २०२४ ला संपलं, घरमालकाचा ईमेल आहे, डिपॉझिट परत केल्याचाही. गाडी माझी आहे. त्याचं नाव इन्शुरन्सवर एप्रिलमध्ये चढलं, प्रीमियम वाढला म्हणून आमचं भांडण झालं होतं, म्हणून पक्कं आठवतंय. ई-ट्रान्सफर दर महिन्याला आहे. मेसेजमध्ये मात्र तो काहीही लिहितो. एका महिन्यात ‘फिश करी टॅक्स’ असं आहे. चालेल का?

मिनू_घाटावरची

पळेल! असलं कुणी बनवून लिहीत नाही.

टोरोंटोचा_परशा

माझे दोन आणे. मार्च २०२४ म्हणजे जेमतेम दीड वर्ष होतंय. तुमची ओळख त्याआधीची असणारच. तो शनिवार-रविवार येऊन राहत असेल तर तेव्हापासूनचीच तारीख टाका ना. माझ्या चुलतभावाच्या मित्राने तसंच केलं, केस मजबूत दिसते. कोण विचारतंय?

सई_किचनर

हो, जुलै २०२३ पासून बरेच वीकेंड तो इकडेच असायचा. त्याचा टूथब्रश, कपडे सगळं इथेच. तसं लिहिता येईल?

मिनू_घाटावरची

अगं नाही!! थांब. परशा, तुमचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला तिला खड्ड्यात घालणारा आहे.

पहिली गोष्ट, ते खरं नाही. त्याचं गेल्फला लीज होतं, भाडं तो तिकडे भरत होता. वीकेंडला येणं म्हणजे एकत्र राहणं नव्हे.

दुसरी गोष्ट नीट वाच. तू पीआर झालीस ऑगस्ट २०२४ मध्ये. त्या फाइलमध्ये तू ‘सिंगल’ होतीस ना? मार्च २०२४ ही तारीख धरली तर ऑगस्टमध्ये पाचच महिने झाले होते. तू कॉमन-लॉ नव्हतीस, सिंगल लिहिलंस ते बरोबरच. आता जुलै २०२३ धर. जुलै २०२४ ला वर्ष भरतं, म्हणजे पीआर होण्याच्या महिनाभर आधी तू कॉमन-लॉ होतीस आणि ते कळवलं नाहीस, असं तूच लिहून देणार. इमिग्रेशन नियमांचं कलम ११७(९)(ड) सांगतं की पीआर होताना जो जोडीदार होता पण जाहीर केला नाही, त्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. शिवाय तुझ्या स्वतःच्या पीआरवर खोट्या माहितीचा ठपका येऊ शकतो तो वेगळाच.

म्हणजे केस मजबूत दिसावी म्हणून मागे ढकललेली तारीख त्याला कायमचा बाहेर ठेवू शकते.

नात्याचा इतिहास लिहिताना जुलै २०२३ लपवायचा नाही. ‘भेटलो अमुक दिवशी, डेटिंग सुरू झालं अमुक महिन्यात, वीकेंडला एकमेकांकडे जायचो, एकत्र राहायला लागलो मार्च २०२४’ असं जसं घडलं तसं लिही. आयएमएम ५५३२ (नात्याच्या माहितीचा फॉर्म) मध्ये, ५४०९ मध्ये, पत्रांमध्ये सगळीकडे एकच तारीख. मैत्रिणींनी पत्र लिहिताना ‘२०२३ पासून एकत्र राहतात’ असं प्रेमापोटी लिहिलं तरी ते परत करून दुरुस्त करून घे.

टोरोंटोचा_परशा

हे कलम माहीत नव्हतं. प्रतिसाद मागे घेतो.

अंधेरी_ते_स्कारबरो

इथले प्रतिसाद वाचून राहवलं नाही, आयडी धूळ झटकून बाहेर काढला.

आम्ही दोघे पुरुष. मुंबईत अंधेरीला एकत्र राहायचो, मी एक्स्प्रेस एंट्रीतून (गुणांवर पीआर देणारी योजना) अर्ज केला आणि त्यात त्याला कॉमन-लॉ जोडीदार म्हणून दाखवलं. भारतात आम्हाला लग्नाचा मार्गच नाही. २०१८ ला ३७७ मधून सुटका झाली, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे कागदावर आम्ही कायम ‘रूममेट’. आणि नेमका त्याचाच फायदा झाला! दोन बॅचलर मुलं म्हणून घरमालकाने लिव्ह अँड लायसन्सवर दोघांचीही नावं आनंदाने घातली. रजिस्टर्ड करार, दोघांचे फोटो, अंगठे, पोलिसांकडचा भाडेकरू फॉर्मही दोघांचा. शेजारच्या विंगमधलं एक मुलगा-मुलगी जोडपं मात्र वर्षभर घर शोधत होतं, कारण प्रत्येक सोसायटी लग्नाचा दाखला मागायची.

आमची अडचण उलटी होती. एका घरात राहतो हे दाखवणं सोपं, पण फक्त रूममेट नाही हे कसं दाखवणार? इथे लोक एक गोष्ट विसरतात. व्याख्येचे दोन भाग आहेत, एका छताखाली राहणं आणि नवराबायकोसारखं नातं असणं. दुसऱ्या भागासाठी कॅनडाची न्यायालयं जे निकष वापरतात ते १९८० च्या ओंटारियोतल्या एका निकालातून आलेत, आणि सुप्रीम कोर्टाने १९९९ साली एम. विरुद्ध एच. या खटल्यात ते उचलून धरले. तो खटलाही दोन बायकांच्या नात्याचाच होता. राहण्याची जागा, शारीरिक आणि भावनिक जवळीक, घरकामाची वाटणी, चारचौघांत वावर, पैशांचा व्यवहार, मुलं, आणि समाज तुम्हाला कसं बघतो. सगळे निकष पुरे व्हायलाच हवेत असं नाही.

तर आम्ही काय जोडलं? त्याच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक म्हणून मी सही केली होती, हॉस्पिटलकडून ती संमतीपत्राची प्रत मागून घेतली. कोकणातल्या हॉटेलांची बुकिंगं, एक खोली, दोन नावं. बहिणीचं पत्र. बँकेत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खातं होतं. एका विमा कंपनीने नॉमिनी म्हणून मित्र चालणार नाही असं तोंडी सांगितलं, त्यामुळे तो कागद मिळाला नाही. जे आत्ता भारतात आहेत त्यांनी लक्षात घ्या, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढायला किंवा त्याला खात्याचा नॉमिनी करायला बंधन नाही. बँकेत कुणी आढेवेढे घेतले तर तो कागद पुढे करा.

आणि सगळ्यात भारी पुरावा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचा. त्यांनी पाटीवरच्या अक्षरासारख्या ठसठशीत अक्षरात वहीच्या पानावर लिहून दिलं: ‘मी यांच्याकडे दोन वरसं काम करते. दोन दादा एका खोलीत राहतात. दुसऱ्या खोलीत सायकल आन इस्त्रीचं टेबल आहे. डबा दोघांचा एकच.’ वकिलीणबाई म्हणाल्या, यापुढे माझं कव्हरिंग लेटर फिकं आहे.

हॅलिफॅक्सचा_गोट्या

मावशींना _/\_

बाणेर_टू_कुठेतरी

धागा वाचून घाम फुटला. आम्ही पुण्यात बाणेरला राहतो, लग्न नाही. ॲग्रीमेंट माझ्या नावावर, ११ महिन्यांचं. म्हणजे बारा महिने दिसतच नाहीत का? शिवाय एक्स्प्रेस एंट्रीत मी सिंगल म्हणून भरलं तर गुण जास्त पडतात असं एका एजंटने सांगितलं. वयाचे, शिक्षणाचे सगळे गुण मिळून कमाल ५००, जोडीदार दाखवला तर तेच ४६० वर येतात म्हणे.

अंधेरी_ते_स्कारबरो

११ महिन्यांचं तर आमचंही होतं. दुसरा करार लगेच पुढच्या दिवसापासून असेल तर दोन्ही जोडा, सलगपणा आपोआप दिसतो. मधे दहा-बारा दिवसांची फट असेल तर मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या की भाडेकरू तेच होते. नवा करार करताना दोघांचीही नावं घालून रजिस्टर करा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करणं तसंही सक्तीचंच आहे, ते ऑनलाइन होतं. नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नका.

मिनू_घाटावरची

गुणांचे आकडे बरोबर आहेत, सल्ला नाही. बारा महिने झाले असतील तर तू सिंगल नाहीस, आणि फॉर्मवर सिंगल लिहिणं म्हणजे खोटी माहिती. कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दारं बंद. आणि तो अर्ज निसटला तरी वर सईला सांगितलं तेच ११७(९)(ड) जोडीदाराला लागणार.

सरळ मार्ग आहे. कॉमन-लॉ म्हणून जाहीर कर आणि जोडीदार ‘सोबत येणार नाही’ असं निवड, अर्थात ते खरोखर तसं असेल तर. गुण एकटीचे धरले जातात, पण त्याचीही मेडिकल आणि पोलिस तपासणी होते आणि पुढे स्पॉन्सर करायचा हक्क शाबूत राहतो.

अजून एक. अर्ज केला तेव्हा दहा महिने झाले होते आणि लँडिंगपर्यंत बारा भरले, तरीही कळवावं लागतं. पीआर होईपर्यंत घड्याळ चालू असतं.

आप्पा_मिसिसागा

माझा सल्ला कुणाला रुचला नाही, हरकत नाही. पण इथे एवढं पुराण झालं आणि टॅक्सचं नाव कुणी काढलं नाही! माझा धंदाच तो, म्हणून लिहितो.

सीआरए (कॅनडाचं टॅक्स खातं) पण बारा महिने सलग एकत्र राहिलात की कॉमन-लॉ धरतं. रिटर्न भरताना ३१ डिसेंबरची स्थिती लिहायची. सई, २०२४ च्या रिटर्नमध्ये तुम्ही दोघांनी सिंगल लिहिलं असेल तर ते बरोबर आहे, तोवर वर्ष भरलं नव्हतं. पण मार्च २०२५ मध्ये स्थिती बदलली. ती पुढच्या महिन्याअखेर, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत कळवायची असते. कळवलीस का? नसेल तर आज माय अकाउंटमध्ये जा किंवा आरसी६५ फॉर्म भर. जीएसटी क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून मिळणारे पैसे) दोघांना वेगवेगळं येत असणार, आता ते दोघांच्या मिळून उत्पन्नावर ठरेल. थोडे पैसे परत करायला लागले तर करा.

एका सरकारी खात्याला सांगायचं आम्ही जोडपं, दुसऱ्या खात्याकडून सिंगलचे पैसे घ्यायचे, हे अधिकाऱ्याच्या डोळ्यांत खुपतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बरीचशी इथेच अडकतात. प्रेमपत्रं शंभर पानं, आणि टॅक्सवर सिंगल.

सई_किचनर

आप्पा, कळवलं नव्हतं. आत्ता केलं. तुमचा मांडवाचा सल्ला सोडून बाकी सगळं शिरसावंद्य :)

एक प्रश्न राहिलाय, आणि तो विचारायलाच धागा काढला होता बहुतेक. माझ्या आईला माहीत नाही. सांगलीला असते, एकटी आहे, मी ‘मैत्रिणीबरोबर राहते’ एवढंच तिला ठाऊक आहे. त्याच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, त्याची बहीण इथे येऊन राहूनही गेली. फॉर्ममध्ये विचारलंय की घरच्यांना नात्याची कल्पना आहे का. मावसबहीण म्हणाली, हो म्हणून टाक, कोण सांगलीला फोन करतंय.

अंधेरी_ते_स्कारबरो

माझ्या वडिलांना आजही माहीत नाही. फॉर्मवर तसंच लिहिलं. कोणाला माहीत आहे, कोणाला नाही, का नाही, आणि सांगायचं काय ठरलंय, एवढं चार वाक्यांत. आम्ही जोडलेल्या बहिणीच्या पत्रातही तिने तेच लिहिलं, की बाबांना सांगितलेलं नाही आणि त्याचं कारण मला माहीत आहे. भारतातल्या फाइली बघणाऱ्याला हे नवीन नाही. मुलाखतीला बोलावलं आणि तिथे दोघांची उत्तरं वेगळी आली तर मात्र सावरणं कठीण.

मिनू_घाटावरची

हेच लिहिणार होते. खोटं ‘हो’ लिहू नकोस. त्याच्या बहिणीचं पत्र घे, ती राहून गेली आहे, तिने घर पाहिलंय. ‘फार गोड जोडपं आहे’ छापाची पत्रं घेऊ नकोस. कधी आली, कुठे झोपली, घरात काय पाहिलं हे लिहू दे तिला. फोटो वीसेक पुरेत, वेगवेगळ्या महिन्यांतले, त्यात इतर माणसं असलेले जास्त. व्हॉट्सॲपच्या चॅटची बाडं नकोत. एकत्र राहणारी माणसं ‘कोथिंबीर आण’ याशिवाय फार लिहीत नाहीत, तेवढी पाच-सहा पानं जोड.

आईला कधी सांगायचं ते तुझं तू ठरव, फाइलसाठी घाई करू नकोस.

सई_किचनर

धन्यवाद. डोकं शांत झालं जरा.

पैशांचं एक. माझा पगार फार नाही. किमान उत्पन्नाची अट आहे का? आणि इनलँड (कॅनडात राहणाऱ्या जोडीदारासाठीचा अर्ज) करू की आउटलँड (मुळात बाहेरच्यांसाठीचा)?

मिनू_घाटावरची

जोडीदाराला स्पॉन्सर करताना ठरावीक किमान उत्पन्न लागत नाही, ती भानगड आईवडिलांच्या फाइलमध्ये. तू सरकारी सोशल असिस्टन्स घेत नसावीस, अपंगत्वाचा सोडून. तीन वर्षांची हमी मात्र आहे, नातं तुटलं तरी सुटत नाही. तुला स्वतःला कुणी जोडीदार म्हणून स्पॉन्सर केलेलं नाही ना? तसं असतं तर पाच वर्षं थांबावं लागलं असतं.

इनलँडमध्ये नकार आला तर अपील नाही, फक्त फेडरल कोर्टात जाता येतं. आउटलँडला अपील आहे, आणि तो इथे तुझ्याबरोबर असला तरी आउटलँड करता येतं. ओपन वर्क परमिट दोन्हीत मागता येतं. त्याचं परमिट जानेवारीत संपायच्या आत हे हातावेगळं कर, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

माँट्रियलची_काकू

क्युबेकवाल्यांसाठी: वरचं सगळं लागू, वर प्रांताकडे हमीपत्राची वेगळी फाइल आणि वेगळी फी. बाकी वेगळा धागा काढते.

टोरोंटोचा_परशा

एक सावधगिरीचं. ब्रॅम्प्टनमध्ये एका कन्सल्टंटकडे मित्राबरोबर गेलो होतो. तो म्हणाला, ‘लीज नाही? बनवून देतो, मागच्या तारखेचं.’ वर पैसे रोखीत. आम्ही उठून आलो. नंतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत नाव शोधलं, नव्हतंच. यादी ऑनलाइन आहे, पैसे देण्याआधी बघा.

बाणेर_टू_कुठेतरी

मावशींच्या पत्रावरून एक शंका. आमच्या घरमालकाचं पत्र मराठीत आहे. मी इंग्रजीची प्राध्यापक आहे, भाषांतर मीच करून जोडलं तर चालेल?

अंधेरी_ते_स्कारबरो

नाही चालणार. अर्जदाराने किंवा घरच्यांनी केलेलं भाषांतर घेत नाहीत, प्राध्यापक असलात तरी. भारतात तिऱ्हाईत भाषांतरकाराकडून करून घ्या आणि त्याचं अचूकतेचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्या. मूळ मराठी पानाची प्रत, भाषांतर, प्रतिज्ञापत्र, तिन्ही एकत्र एका पीडीएफमध्ये. आमच्या भाषांतरकाराने मावशींचं ‘आन’ गुळगुळीत करून टाकलं होतं, ते राहू दिलं. ‘इस्त्रीचं टेबल’ मात्र त्याने ‘लोखंडी टेबल’ केलं होतं, ते बदलून घेतलं. म्हणून हातात आलं की एकदा तुम्ही वाचा.